पडद्याआडचा फांसा

फांसा एकानें टाकावयाचा, तो त्यानेंच एकट्यानें पाहावयाचा, आणि दान काय पडलें हेंही त्यानेंच सांगावयाचें, अशी अट घालून कोणी आपल्याशीं सोंगट्या खेळावयास बसला, तर आपण त्याच्यापुढें पट मांडूं काय? आमच्या आज्या-पणज्यांनीं तर अशा गृहस्थाला सोंगट्यांच्या पिशवीला हातही लावूं दिला नसता. परंतु पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं अमेरिकेंत जन्मलेला, पुढें जगभर पसरलेला आणि आतां आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतल्या मुलांपर्यंत येऊन पोहोंचलेला एक खरोखर उत्तम खेळ असा आहे, कीं ज्यांत ही अट नुसती सोसली जाते असें नव्हे, तर ती खेळविणाराच्या कौशल्याची खूण मानली जाते. तिचें समर्थन करणारे लोक मूर्ख नाहींत, दुष्ट तर नाहींतच. त्यांच्यापैकीं एक माझे निकटचे स्नेही आहेत, आणि हा लेख छापून आल्यावरही ते माझ्या घरीं चहा घेणें सोडणार नाहींत एवढा भरंवसा असल्यामुळेंच मी तो लिहीत आहें.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. त्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यांतला आद्य आणि अद्यापि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. चार-पांच जण टेबलाभोंवतीं बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. त्या पात्राचें बळ, चापल्य, बुद्धि वगैरे गुण आंकड्यांनीं कागदावर मांडलेले असतात. एक जण मात्र पात्र घेत नाहीं, तो बाकीचें सारें जग घेतो: डोंगर, भुयारें, राजे, राक्षस, धर्मशाळेंतला म्हातारा, सर्व तोच. या खेळांत त्याला डंजन मास्टर म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणणार आहें. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू 'मी अमुक करतों' असें म्हणतात, आणि जेथें परिणाम अनिश्चित असेल तेथें फांसा टाकतात. हा फांसा बहुधा वीस बाजूंचा असतो. सोंगट्यांप्रमाणें घर गांठून डाव जिंकावयाचा असा प्रकार येथें नाहीं. महिनोन् महिने चालणारी एक गोष्ट सगळ्यांनीं मिळून जगावयाची, एवढेंच. सूत्रधारापुढें पुठ्ठ्याचा एक घडीचा पडदा उभा असतो. त्याच्याआड त्याचे नकाशे असतात, टिपणें असतात, आणि फांसेही असतात. नकाशे झांकले पाहिजेत हें कोणीही कबूल करील. फांसे कां झांकावयाचे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आमच्या घरीं शनिवारीं संध्याकाळीं हा डाव बसतो. माझी पंधरा वर्षांची भाची, तिच्या दोन मैत्रिणी, शेजारचा एक अबोल मुलगा, आणि अधूनमधून मी. सूत्रधार अर्थात् वर सांगितलेले स्नेही. त्यांची वाणी रसाळ आहे. ते गुहेचें वर्णन करूं लागले म्हणजे ऐन वैशाखांत अंगावर गारवा येतो. एका शनिवारीं आमचीं सर्व पात्रें जखमी होऊन पळत होतीं. मागें एक अजस्र राक्षस, पुढें दरी, आणि दरीवर एका वेळीं एकच माणूस जाऊं शकेल असा दोरांचा पूल. भाचीचें पात्र चोराचें, चपळ पण अंगानें किरकोळ. तिनें कागदाच्या कडेला पेन्सिलीनें हिशेब मांडला. राक्षसाला नऊ किंवा त्याहून अधिक पडलें कीं घाव बसणार. म्हणजे विसांतलीं बारा दानें त्याचीं, आठ तिचीं. बाकीचे पार होईपर्यंत दोन घाव चुकले पाहिजेत, आणि एक जरी बसला तरी तिचें पात्र संपलें. आठ विसांश गुणिले आठ विसांश. 'मामा, शंभरांत सोळा म्हणजे सहांत एक, नाहीं का?' असें तिनें मला हळूच विचारलें. मीं मान हालविली. मग ती सर्वांना म्हणाली, 'तुम्ही व्हा पुढें, मी थांबतें.'

पडद्याआड फांसा खडखडला. 'चुकला,' स्नेही म्हणाले. फांसा पुन्हां खडखडला. त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, 'पुन्हां चुकला!' त्यावर मुलांनीं जो कल्लोळ केला तो खालच्या मजल्यावरचे लोक वर येण्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशीं भाचीनें ती सगळी हकीकत आपल्या आजीला, फांशाचा गणिती भाग वगळून, तीन वेळां सांगितली.

महिन्याभरानें चहाच्या वेळीं गोष्टींत गोष्ट निघाली आणि माझे स्नेही हंसत हंसत बोलून गेले, 'अहो, त्या पुलावर एकोणीस आणि चौदा पडले होते! पोरीचें मन कसें मोडावयाचें?' भाची त्या वेळीं पोह्यांच्या बशा देत होती. तिनें हातांतली बशी खालीं ठेविली आणि विचारलें, 'म्हणजे काका, मी थांबलें काय आणि पळालें काय, सारखेंच होतें?' त्यांना उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाही सुचलें नाहीं. तेवढ्यांत कोपऱ्यांतून तो अबोल मुलगा म्हणाला, 'मग माझा मांत्रिक कां मेला?' त्याचा मांत्रिक त्यापूर्वीं दोन महिने एका भुयारांत मेला होता, आणि तो मुलगा त्यानंतर एक शनिवार आला नव्हता. माझे स्नेही प्रामाणिक गृहस्थ. त्यांनीं सरळ सांगितलें, 'त्या दिवशीं कथेला मरण हवें होतें.'

हीं दोन पोरसवदा वाक्यें मीं मुद्दाम जशींच्या तशीं दिलीं आहेत, कारण या विषयावर मीं जेवढें वाचलें आहे त्यांत इतकें नेमकें बोललेलें मला कोठें आढळलें नाहीं. माझ्या स्नेह्यांची समजूत अशी, कीं त्यांनीं मुलीला जीवदान दिलें. मला दिसतें तें असें, कीं तिनें पणाला लावलेली वस्तु त्यांनीं कोणाला न कळत पटावरून उचलून खिशांत टाकली. तिनें सहांत एक आशेवर पात्र पणाला लावलें म्हणून तें थांबणें शौर्याचें. ती आशा सहांत सहा होती असें ठरल्यावर शौर्य कशाचें राहिलें? पुढचे दोन शनिवार तिचा चोर विहिरींत उड्या मारीत होता आणि झोंपलेल्या अजगराच्या शेपटीवर पाय देत होता. 'मरत तर नाहींच ना,' असें ती म्हणे, आणि तिच्या आवाजांतला राग माझ्या स्नेह्यांखेरीज सगळ्यांना कळत होता. शकुनीला आपण तीन हजार वर्षें शिव्या देत आलों आहों. पण शकुनि निदान शत्रूला फसवीत होता, आणि आपण फसवीत आहों हें त्याला पक्कें ठाऊक होतें. येथें फसविणारा आपणांस दयाळू समजतो, ही अडचण अधिक मोठी आहे.

या वादाला पुष्कळ वेळां भलतेंच रूप दिलें जातें. एका बाजूला नियमांचे पंडित, कागदी, कोरडे, पदोपदीं पुस्तक उघडणारे. दुसऱ्या बाजूला कल्पनेचे उपासक, मुक्त, रसिक. आणि फांसा बदलण्याला विरोध करणारा तो अर्थातच पहिल्या कळपांतला. ही वांटणीच खोटी आहे. या खेळाचे पंथ अनेक आहेत व ते सर्व आपापल्या जागीं योग्य आहेत. १९८० सालीं ग्लेन ब्लॅको यांनीं 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकांत त्यांचे चार वर्ग पाडले होते: कोणाला पात्राचा स्वभाव जगावयाचा असतो, कोणाला कथा हवी असते, कोणाला आपल्या पात्राचें बळ वाढलेलें पाहण्यांत सुख असतें, आणि कोणाला लढाईचे डांवपेंच आवडतात. माझी भाची पहिल्या वर्गांतली, मी चौथ्यांतला, माझे स्नेही दुसऱ्यांतले. यांपैकीं कोणत्याही पंथाला खोट्या फांशाची गरज नाहीं, हें मला दाखवावयाचें आहे. आणि त्यासाठीं या खेळाच्या पूर्वजांकडे थोडेंसें गेलें पाहिजे.

हे पूर्वज प्रशियाच्या सैन्यांत सांपडतात. १८२४ सालीं राइस्विट्झ नांवाच्या तोफखान्याच्या एका तरुण अधिकाऱ्यानें, वडिलांनीं रचलेला खेळ सुधारून, 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धाच्या खेळाचे नियम छापले. दोन पक्ष आपापले हुकूम लिहून पंचाच्या हातीं देत. पंच नकाशावर सैन्यें हालवी. आणि गोळीबाराचा परिणाम फांसा व कोष्टकें यांवरून ठरे. तीं कोष्टकेंही हवेंतलीं नव्हेत, प्रत्यक्ष चांदमारीच्या परीक्षांवरून केलेलीं. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांनीं तो खेळ पाहून साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. पुढें अर्धें शतक लोटल्यावर अधिकाऱ्यांना कोष्टकांचा कंटाळा आला. १८७०–७१ च्या युद्धांत मोल्टकेच्या हाताखालीं काम केलेले व्हर्डी द्यु व्हेर्न्वा यांनीं १८७६ सालीं नवी पद्धति मांडली: कोष्टकें बाजूला ठेवा, अनुभवी पंचालाच निर्णय देऊं द्या. म्हणजे 'नियम कीं निवाडा' हा आजच्या तरुणांना नवा वाटणारा वाद दीडशें वर्षांचा म्हातारा आहे.

आणि तो पिढीजात आहे. १८८० सालीं टॉटन नांवाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानें 'स्ट्रॅटेगॉस' नांवाचा असाच ग्रंथ लिहिला. जवळजवळ नव्वद वर्षांनीं मिनेसोटांतल्या डेव्हिड वेझली या तरुणाच्या हातीं तें जुनें पुस्तक लागलें. खेळाडूला नियमांत नसलेली गोष्टही करूं पाहतां यावी, पंचानें तिचा निवाडा द्यावा, ही कल्पना त्याला तेथें मिळाली. १९६९ सालीं त्यानें ब्राउनस्टाइन नांवाच्या एका काल्पनिक गांवाचा खेळ मांडला आणि प्रत्येक मित्राला सैन्याऐवजीं एकेक माणूस दिला. त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. त्यानें तीच युक्ति जादू व राक्षसांच्या मुलखांत नेली. आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचे गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांची एक पेटी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची. नियम इतके त्रुटित, कीं ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीनें भर घालून खेळावें. गांवोगांव निराळा खेळ होऊं लागला. लॉस एंजलीसमध्यें ली गोल्ड या बाईंनीं १९७५ पासून काढलेल्या हौशी मासिकांत या निरनिराळ्या रीतींवर जे वाद झडले ते आजच्या वादांहून तसूभरही मागें नव्हते. जॉन पीटरसन यांनीं २०२० सालीं एक सबंध ग्रंथ त्या वादांवरच लिहिला आहे. पुढें गायगॅक्स यांनीं १९७७ ते १९७९ पर्यंत तीन जाड ग्रंथ काढून सर्वत्र एक पद्धति आणण्याचा प्रयत्न केला. २००० सालच्या आवृत्तींत नियमांचें जंगल आणखी वाढलें. आणि २००८ सालीं मॅट फिंच यांनीं एक छोटी पुस्तिका लिहून 'नियम नकोत, निवाडा हवा' ही जुनीच आरोळी नव्यानें ठोकली. लंबक असाच हेलकावत राहणार, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं.

या इतिहासांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं राइस्विट्झचा पंच आणि व्हर्डीचा पंच हे दोघेही खरें बोलतात. पहिला म्हणतो, 'फांसा असा पडला, कोष्टक असें सांगतें.' दुसरा म्हणतो, 'माझ्या मतें असें होईल.' पहिल्याशीं वाद घालावयाचा तर कोष्टक दाखवितां येतें. दुसऱ्याशीं घालावयाचा तर त्याचें मत खोडतां येतें. माझे स्नेही या दोघांपैकीं कोणीच नव्हेत. त्यांनीं निवाडा स्वतः दिला आणि सही फांशाची केली. 'माझ्या मतें ही मुलगी वांचावी' असें ते उघड म्हणाले असते तर भाची कदाचित् रुसली असती, कदाचित् तिनें 'नको, फांसाच टाका' म्हटलें असतें. कांहीं झालें तरी तिला बोलावयाला जागा राहिली असती. फांशाच्या निर्जीव तोंडांत आपलें मत घातल्यावर त्या मताशीं भांडणार कोण?

'पण ग्रंथांतच परवानगी आहे!' असें मला बजावण्यांत येतें. आहे खरी. १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत गायगॅक्स यांनीं सूत्रधाराला फांसा बाजूला सारण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. पण त्याच ग्रंथांत, मेलेल्या पात्राला मंत्रबळानें उठवितांना जो फांसा टाकावयाचा, त्याला मात्र कधींही हात लावूं नये, अशी तितकीच स्पष्ट आज्ञा आहे. कारण कोठें तरी खरें मरण असलेंच पाहिजे, नाहीं तर पात्रें अमर होतील आणि खेळाची गोडी जाईल. मी विचारतों, हें कारण त्या एकाच फांशाला कां लागू? ज्या घरांत एक पेला सोंवळ्यांत ठेवावा लागतो तेथें बाकीच्या भांड्यांची काय अवस्था झाली आहे हें सांगावयास नको. २०१४ सालच्या ग्रंथाची तर आणखी मौज आहे. पडद्याआड फांसा टाकल्यास तो बदलतां येतो असें त्यांत सांगितलें आहे, आणि लगेच दोन पथ्यें घातलीं आहेत: हें वारंवार करूं नये, आणि केल्यास खेळाडूंना कळूं देऊं नये. पहिल्या पथ्यानें औषध विषारी असल्याची कबुली मिळते. दुसऱ्याबद्दल मी काय बोलूं? अश्वत्थामा मेला हें मोठ्यानें सांगून हत्तीचें नांव हळू घेणाऱ्या धर्मराजाचा रथ त्या क्षणापर्यंत जमिनीला टेकत नव्हता असें व्यासांनीं सांगितलें आहे. आमचे ग्रंथकार हत्तीचें नांव हळूसुद्धां घेऊं नका म्हणतात.

फांसा बदलण्याचें एक उदाहरण जगाच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. मे १९४२ च्या आरंभीं 'यामातो' या युद्धनौकेवर जपानी आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं पुढील मोहिमांचा खेळ मांडला होता. मिडवेच्या भागांत अमेरिकन विमानांनीं जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला. ओकुमिया या अधिकाऱ्यानें पंच म्हणून फांसे टाकले. नऊ बॉम्ब लागले असें ठरलें, आणि 'अकागी' व 'कागा' या दोन्ही नौका बुडाल्या असें जाहीर झालें. अध्यक्षस्थानीं असलेल्या उगाकी यांनीं नवांचे तीन केले. 'अकागी' किंचित् जखमी, 'कागा' मात्र बुडालेली राहिली. आणि पुढच्या मोहिमेच्या खेळांत तीही पुन्हां तरंगूं लागली! फुचिदा आणि ओकुमिया यांनीं पुढें लिहिलेल्या ग्रंथांत ही हकीकत आहे. महिन्याभरानें खऱ्या मिडवेच्या लढाईंत 'अकागी' आणि 'कागा' बुडाल्या, आणखी दोन त्यांच्याबरोबर गेल्या. या गोष्टीचा जितका अर्थ काढला जातो तितका मी काढणार नाहीं. उगाकी यांचीही बाजू आहे: जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचे नऊ बॉम्ब लागणें संभवनीय नव्हतें, आणि प्रत्यक्ष लढाईंत तशा विमानांचा एकही बॉम्ब त्या नौकांना लागला नाहीं, त्या बुडाल्या त्या अमेरिकन नौकांवरून आलेल्या विमानांनीं. म्हणजे आंकडा सुधारण्यांत उगाकी कदाचित् बरोबरच होते. शिवाय त्यांनीं तो सर्वांदेखत सुधारला. म्हणूनच ओकुमियांना नवल करतां आलें, लिहून ठेवतां आलें, आणि आपणांस आज त्यावर भांडतां येतें. उगाकींच्या पुढें पुठ्ठ्याचा पडदा असता तर 'नऊ' हा आंकडा समुद्राच्या तळाशींच राहिला असता.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप. कादंबरीकार आपल्या नायकाला हवा तेव्हां वांचवितो, मग सूत्रधारानें कां वांचवूं नये, हा पहिला. याला फार वेळ देण्याचें कारण नाहीं. कादंबरी वाचणाऱ्यानें पुलावर थांबावयाचें कीं पळावयाचें हें ठरविलेलें नसतें. ज्या दिवशीं वाचकाला पेन्सिल घेऊन तें ठरवावें लागेल, त्या दिवशीं कादंबरीकारालाही आपला फांसा दाखवावा लागेल. मरणानें कथा बिघडते हा दुसरा आक्षेप तर अनुभवाच्या विरुद्ध आहे. १९८१ साली निघालेल्या 'कॉल ऑफ क्थुल्हू' या खेळांत पात्रांची बुद्धि हळूहळू भ्रमिष्ट होत जाते, आणि बहुतेकांचा शेवट वेड्यांच्या इस्पितळांत किंवा स्मशानांत होतो हें खेळाडूंना आधींच ठाऊक असतें. तरी तो खेळ चाळीसांहून अधिक वर्षें लोक आवडीनें खेळत आहेत. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्यें तर पात्र तयार करतां करतांच, खेळ सुरू होण्यापूर्वीं, मरूं शकत असे. हा जरा अतिरेक झाला, हें मीही मान्य करतों.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या स्नेह्यांनीं घेतला म्हणून मला त्याचा आदर आहे. ते म्हणतात, 'राक्षस मींच निर्माण केला. त्याचें बळ ठरवितांना माझी चूक झाली, पूल इतका अरुंद ठेवणें ही माझी चूक. माझ्या चुकीची शिक्षा मुलीनें कां भोगावी?' यावर माझें उत्तर एवढेंच, कीं मग चूक कबूल करा. 'थांबा, हा राक्षस मीं फार मोठा केला. त्याचा नेम इतका अचूक नको' असें फांसा टाकण्यापूर्वीं म्हटलें असतें तर कोणाचें काय बिघडलें असतें? क्रिकेटमध्यें मैदानावरचा पंच चुकला तर आतां तिसरा पंच त्याचा निर्णय फिरवितो, आणि तोही पडद्याचाच उपयोग करतो. फरक एवढाच कीं त्या पडद्यावर चेंडू साऱ्या मैदानाला दिसतो. त्यानें मैदानावरच्या पंचाची अब्रू गेली असें कोणी म्हणत नाहीं. चूक कबूल करण्याचा हा साधा मार्ग आमच्या सूत्रधारांना नको असतो, कारण त्यांना आपण चुकत नाहीं असें दिसावयास हवें असतें. कथेचें, दयेचें, रसाचें जें समर्थन केलें जातें त्याच्या तळाशीं पुष्कळदां हीच साधी मानवी गोष्ट असते, असा मला संशय आहे. माझे स्नेही हें वाक्य वाचतांना चष्मा काढतील, काढोत.

त्या अबोल मुलाच्या प्रश्नाला मात्र कोणत्याच आक्षेपांत उत्तर नाहीं. चोर वांचला आणि मांत्रिक मेला. दोघांनाही फांशानेंच तसें केलें असें सांगण्यांत आलें. मुलगी बोलकी, हंसरी, सूत्रधाराच्या वर्णनावर डोळे मोठे करणारी. मुलगा मान खालीं घालून बसणारा. त्याच्या मनांत काय चाललें आहे हें त्याच्या आईलाही कळत नसावें. माझ्या स्नेह्यांनीं जाणूनबुजून पक्षपात केला असें मी स्वप्नांतही म्हणणार नाहीं. पण 'कथेला काय हवें' हें ज्या माणसाच्या मनाला विचारावयाचें, त्या मनाला कोणाचा चेहरा अधिक दिसतो? बोलक्याला सर्वत्रच झुकतें माप मिळतें: शाळेंत, कचेरींत, लग्नाच्या पंगतींतसुद्धां. वीस बाजूंचा फांसा ही त्या टेबलावरची एकच वस्तु अशी होती, कीं जिला अबोल मुलगा आणि बोलकी मुलगी सारखींच. तिच्यापुढेंच पडदा धरला गेला.

आणि दयेचें म्हणाल, तर दयेचाही कायदा करतां येतो. १९८३ च्या 'जेम्स बाँड' खेळांत नायकांना कांहीं राखीव गुण दिले होते. ते खर्चून वाईट दान उघडपणें पालटतां येई. १९८६ च्या 'वॉरहॅमर' खेळांत प्रत्येक पात्राला मोजके नशिबाचे गुण मिळत. एक खर्चावा आणि खात्रीच्या मरणांतून सुटावें. हे गुण सर्वांना ठाऊक, ते संपतात हेंही ठाऊक, आणि ते कधीं खर्चावयाचे हें पात्राच्या मालकानें ठरवावयाचें. ज्यांना फांसाच नको त्यांच्यासाठीं १९९१ सालीं 'अँबर' नांवाचा बिनफांशाचा खेळ निघाला. तेथें सूत्रधार मतानें निर्णय देतो आणि तसें सांगतो. २००९ च्या 'फियास्को'त सूत्रधारच नाहीं. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्यें सूत्रधार आहे, पण तो फांशाला हातच लावीत नाहीं. सारे फांसे खेळाडूंच्या हातीं. हे सगळे कथाप्रिय लोकांनींच रचलेले किंवा उचलून धरलेले खेळ आहेत. कथा हवी, दया हवी, सूत्रधाराची प्रतिभा हवी. यांतल्या प्रत्येक इच्छेला उघड्यावर जागा करून देणारे नियम लोकांनीं शोधून ठेविले असतां, आपण मात्र अजून पुठ्ठ्याच्या आडोशानें व्यवहार करावा, याला आळसाखेरीज दुसरें कोणतें नांव द्यावें तें मला समजत नाहीं.

पोह्यांच्या त्या प्रसंगानंतर आमच्या घरीं दोन तास वाद झाला. माझ्या स्नेह्यांचें मत बदललें नाहीं, आणि तें अद्यापि बदललेलें नाहीं. या लेखाला उत्तर लिहिण्याची धमकी त्यांनीं आधींच देऊन ठेविली आहे. पडदा त्यांनीं ठेविला, नकाशांसाठीं. फांसे मात्र ते आतां टेबलाच्या मध्यभागीं, देवघरांतून आणलेल्या एका पितळी ताटलींत टाकतात. त्या ताटलीवर माझ्या आईचा आक्षेप होता; फांसे रोज पूजेला नसतात, शनिवारींच असतात, या भाचीच्या युक्तिवादानें तो मिटला. पहिल्या दोन शनिवारीं विशेष कांहीं घडलें नाहीं. तिसऱ्या शनिवारीं त्या अबोल मुलाचा नवा योद्धा एका दारापाशीं एकटा सांपडला. त्यानें हिशेब केला कीं नाहीं कोण जाणे, पण तो मागें हटला नाहीं. स्नेह्यांनीं फांसा हातांत घेतला, आणि तो ताटलींत पडण्यापूर्वीं बराच वेळ त्यांच्या मुठींतच राहिला. सात पडले. तो मुलगा ओरडला नाहीं; त्यानें पुढें वांकून तो आंकडा पाहिला, मग पुन्हां एकदां पाहिला. रात्रीं जिना उतरतांना माझे स्नेही मला म्हणाले, कीं इतक्या वर्षांत फांसा टाकतांना हात कांपण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि ही गोष्ट मीं लेखांत घालूं नये.

मीं ती घातली आहे. त्यांनीं आपल्या उत्तरांत माझा काय समाचार घ्यावयाचा तो घ्यावा.